सॅपर्सचे जुने बिल्ले: जमवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात राहून लष्करी बिल्ल्यांचा नाद लागला की माणूस आज ना उद्या खडकीकडे वळतोच. बॉम्बे सॅपर्सचं (सॅपर्स म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलाचे जवान) ठाणं तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि मुळा ओलांडली की दापोडीला सीएमई, म्हणजे लष्कराचं इंजिनियरिंग कॉलेज. त्यामुळे इंजिनियर दलाचे बिल्ले, टायटलं (खांद्यावरची दलाच्या नावाची अक्षरं), बटणं या भागातल्या पेट्यांतून, भंगारातून आणि जुन्या बाजारातून अजूनही वर येतात. मग फोटो येतात आणि त्यांच्यासोबत तेच ते प्रश्न. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. भर बॉम्बे सॅपर्सवर आहे आणि त्यांच्या अनुषंगाने रॉयल इंजिनियर्स या ब्रिटिश इंजिनियर दलावर. पदकं हा स्वतंत्र विषय, तो अडेल तेवढाच इथे आला आहे.

या छंदात नेमकं काय काय येतं?

टोपीवरचा बिल्ला, कॉलरवरची जोडी, खांद्यावरचं पितळी टायटल, बटणं, कमरपट्ट्याचं बक्कल, दंडावरची कापडी चिन्हं. नवशिक्याची नजर टोपीच्या बिल्ल्यावर खिळते, पण आपल्याकडच्या सॅपर्सची खरी गोष्ट खांद्यावरच्या टायटलात असते. जवान पागोटं बांधायचे. टोपीला किंवा हेल्मेटला बिल्ला लावणारे सहसा अधिकारी, म्हणजे बराच काळ गोरेच. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या अंगावर पलटणीचं नाव असायचं ते खांद्यावर. तेव्हा आजोबांच्या पेटीत टोपीचा बिल्ला नाही, नुसती दोन वाकडी पितळी अक्षरं आहेत, म्हणून हिरमुसू नका. तोच खरा ऐवज.

पायोनियर आणि रेल्वे रेजिमेंटचे बिल्लेही यातच धरायचे का?

ज्याचा त्याचा निर्णय. मी पायोनियर घेतो, रेल्वे घेत नाही.

पायोनियर पलटणी कागदावर पायदळातल्या, पण त्यांचं काम रस्ते, पूल आणि खंदकांचं. १०७, १२१ आणि १२८ क्रमांकाच्या पायोनियर पलटणी १९२२च्या फेररचनेत बॉम्बे पायोनियर्समध्ये आल्या आणि १९३३ मध्ये मोडीत निघाल्या. सॅपर्सच्या कामाशी त्यांचं नातं इतकं जवळचं, की त्यांना वगळून संग्रह लंगडा वाटतो. जीआयपी किंवा बीबी अँड सीआय रेल्वे रेजिमेंट मात्र रेल्वेच्या नोकरदारांच्या, ऑक्झिलियरी फोर्स या अर्धवेळ राखीव फौजेतल्या. पलटणीत रेल्वेचे इंजिनियर असले म्हणून बिल्ला इंजिनियर दलाचा होत नाही. विक्रेते मात्र ‘इंजिनियर’ म्हणूनच विकतात. मुंबईच्या इतिहासात रस असेल तर जरूर घ्या, फक्त वेगळ्या खणात ठेवा.

बिल्ला कोणत्या काळातला आहे हे कसं ओळखायचं?

आधी नाव वाचा. सॅपर्सची नावं इतक्या वेळा बदलली, की नुसत्या अक्षरांवरून बऱ्याचदा दहा-वीस वर्षांच्या आत येता येतं.

‘बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’ हे नाव १८२० पासूनचं. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत तिन्ही दलांना क्रमांक मिळाले: बंगाल पहिले, मद्रास दुसरे, मुंबई तिसरे. म्हणजे टायटलवर ३ चा आकडा आणि पुढे एस अँड एम (सॅपर्स अँड मायनर्स) असेल, तर तो तुकडा १९०३ ते १९२३ या वीस वर्षांतला. पहिलं महायुद्ध याच काळात झालं. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या हल्ल्यात २० आणि २१ नंबरच्या कंपन्या अक्षरशः कापल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावर हेच नाव होतं. १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुतच्या वेढ्यात अडकली ती हीच डिव्हिजन.

युद्धातल्या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९२३ मध्ये आकडा गळाला. उरलं ‘रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’. आकडा आणि रॉयल दोन्ही एकत्र दिसले तर जरा सावरून बसा, कारण अधिकृतपणे ही जोडी दोनच वर्षं टिकली. अशी वस्तू दुर्मिळ असते किंवा बनावट, अधलंमधलं क्वचितच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंडियन इंजिनियर्स हे नाव आलं, १९४६ मध्ये त्याचं रॉयल इंडियन इंजिनियर्स झालं आणि २६ जानेवारी १९५० ला ‘रॉयल’ आणि मुकुट दोन्ही गेले. आर आय ई अक्षरांचं टायटल म्हणून फक्त या चार वर्षांतलं. नवे जमवणारे त्याला ‘इंग्रजांचं’ समजून बाजूला सारतात, ते चूक आहे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं, तेव्हा देश स्वतंत्र झाला होता पण प्रजासत्ताक व्हायचा होता. दलाच्या नावातलं ‘रॉयल’ अजून उतरलं नव्हतं. स्वतंत्र भारताची पहिली लढाई सॅपर्स याच ‘रॉयल’ नावाखाली लढले.

१९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि लॅटिन ‘उबिक’ या ब्रीदाऐवजी त्याच अर्थाचं देवनागरी ‘सर्वत्र’.

मुकुटांमधला फरक काही केल्या लक्षात येत नाही. सोपं करून सांगाल?

मुकुटाच्या कमानी बघा. घुमटासारख्या गोल वर चढल्या असतील तर तो ट्यूडर मुकुट, म्हणजे १९०२ ते १९५३ या काळातला, ज्याला जमवणारे ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर एक तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, नाही तर १९५३ नंतरची दुसरी एलिझाबेथ. हे दोन झिजलेल्या बिल्ल्यावर एकमेकांत मिसळतात.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि सेंट एडवर्डचा दबका मुकुट १९५३ नंतर आला. म्हणजे भारतीय सॅपर्सच्या कोणत्याही अस्सल वस्तूवर एलिझाबेथचा मुकुट असणं शक्यच नाही. असा तुकडा कोणी ‘खडकीचा जुना’ म्हणून दाखवला तर चहा प्या आणि निघा.

एक नवी भानगड झाली आहे. तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुट निवडल्यामुळे ब्रिटनमधले ताजे बिल्लेही आता गोल कमानींचे आहेत. त्यामुळे मुकुटावर थांबू नका, आतली राजमुद्रा वाचा.

पुण्यात रॉयल इंजिनियर्सचे बिल्ले इतके कसे सापडतात? ते तर इंग्लंडचं दल.

कंपनी सरकारच्या काळात बॉम्बे, मद्रास, बंगाल अशा इंजिनियर अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र कोअर होत्या. १८६२ मध्ये त्या रॉयल इंजिनियर्समध्ये विलीन झाल्या. तिथून पुढे सॅपर्स अँड मायनर्सवर येणारे इंग्रज अधिकारी रॉयल इंजिनियर्सचेच असायचे आणि त्यांचे बिल्ले, बटणं सोबत यायची. महायुद्धांत तर गोऱ्या तुकड्याही इथून ये-जा करत होत्या.

शिवाय हा बिल्ला मुळातच उदंड. १९१४ मध्ये रॉयल इंजिनियर्सची संख्या प्रादेशिक सैन्य धरून सुमारे २५,००० होती, ती १९१७ पर्यंत ३ लाखांच्या घरात गेली. पाचव्या जॉर्जचा बिल्ला त्यामुळे पैशाला पासरी आहे. त्याचे दोन प्रकार मिळतात: राजमुद्रेमागची जागा भरीव असलेला आणि ती कापून आरपार मोकळी केलेला. दोन्ही अस्सल. नवशिक्याने हाच घ्यावा, कारण तो स्वस्त आहे आणि खोटा करण्यात कोणाला फारसा फायदा नाही. अस्सल ठशाचं काम हाताला कसं लागतं हे शिकायला याच्यासारखा गुरू नाही.

जळता गोळा असलेला बिल्ला तोफखान्याचा की इंजिनियर्सचा?

ज्वाळा मोजा. रॉयल इंजिनियर्सच्या ग्रेनेडला नऊ, रॉयल आर्टिलरीच्या ग्रेनेडला सात. ‘उबिक’ हे ब्रीद १८३२ मध्ये दोन्ही दलांना मिळालं, त्यामुळे नुसत्या ब्रीदावरून काही ठरत नाही. झिजलेल्या कॉलर बिल्ल्यावर ज्वाळांची टोकं मिसळून जातात. अशा वेळी मागच्या बाजूने मोजा, तिथे ब्रासो पोचलेला नसतो.

ओतीव बिल्ला म्हणजे खोटा, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

इंग्लंडमधल्या वस्तूंबाबत बऱ्याच अंशी खरं. आपल्याकडे मात्र या एका नियमाने जितकं नुकसान केलंय तितकं भामट्यांनीही केलं नसेल.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्यावर पोलादी ठसा मारून बिल्ला काढत. पुढे उठाव, मागे त्याच आकाराचा खळगा, कडा धारदार. गाँट, फर्मिन अशा कारखान्यांचा माल असाच. पण हिंदुस्थानात दर वेळी विलायतेहून माल येण्याची वाट कोण बघत बसणार? छावणीच्या बाजारातले कारागीर वाळूच्या साच्यात पितळ ओतून टायटलं आणि बिल्ले करून द्यायचे. युद्धात बोटी अडल्यावर हे आणखी वाढलं. म्हणजे ओतीव, ओबडधोबड, अक्षरं जरा तिरकी, आणि तरीही शंभर टक्के अस्सल, जवानाने वर्षानुवर्षं खांद्यावर वागवलेलं, असं टायटल आपल्याकडे भरपूर आहे. विलायती पुस्तक हातात धरून बसणारा नेमकं तेच भंगारात टाकतो.

मग खरा ओतीव आणि खोटा ओतीव वेगळा कसा काढायचा? दहा पटींचं भिंग घ्या. जुन्या बाजारी टायटलात अक्षरांच्या पोटातली जागा कानसेने मोकळी केलेली असते. कानसेचे तिरके ओरखडे आत दिसतात, पण त्यांच्या कडा मऊ झालेल्या असतात, कारण त्यावर वर्षानुवर्षं कापड आणि पॉलिश फिरलेलं असतं. मागची बाजू वाळूमुळे खरखरीत. मागचा हूक (कडी) डाग देऊन बसवलेला आणि त्याच्या बुडाशी करडा, शिसवट थेंब. त्या थेंबावरही पितळेइतकाच काळ साचलेला हवा. पितळ काळपट आणि डाग चकचकीत, तर हूक नंतरचा.

आजचा बनावट ओतीव मात्र एखाद्या अस्सल ठशाच्या बिल्ल्यावरून साचा घेऊन केलेला असतो. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. म्हणजे ४० मिलिमीटरच्या बिल्ल्याची नक्कल अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्तच लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवा, खोटेपणा त्यात सापडतो. दुसरी खूण म्हणजे मूळ बिल्ल्याची झीजही साच्यात उतरते. मुकुटाचे मणी झिजून सपाट, पण त्या सपाट जागेवर बारीक पुळ्या. झिजलेली जागा गुळगुळीत असायला हवी, पुळ्या येतात कुठून? तिसरी खूण काळेपणाची. वापरातल्या वस्तूचा मळ खोबणीत बसतो आणि उंचवटे उजळ राहतात. रसायनात बुडवून काढलेली वस्तू सगळीकडून सारखीच काळी दिसते.

ठशाच्या बिल्ल्यांतही धोका आहेच. जुन्या अस्सल ठशांवरून पुढे नव्याने काढलेला माल बाजारात आहे आणि तो ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. तिथे हूक, डाग आणि धातूचा रंग यांवरच भिस्त.

मागच्या बाजूला दोन कड्या आहेत, कोणाच्या मागे पट्टी आहे. फरक काय?

कड्या जुन्या पद्धतीच्या, त्यांतून दुपाखी पिन ओवायची. टोपीच्या बिल्ल्यांमागे सरकपट्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ लागली आणि विसाव्या शतकात रूढ झाली. टायटलांना मात्र कड्याच राहिल्या. अधिकाऱ्यांच्या खाकी गणवेशावरचे बिल्ले काळपट ब्राँझ रंगाचे आणि बरेचदा वळवायच्या पात्यांचे. वारसांनी घासून सोनेरी केलेले असे कितीतरी दिसतात, वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला प्लास्टिकचे बिल्ले निघाले, रॉयल इंजिनियर्सचाही निघाला. प्लास्टिक आहे म्हणून खेळण्यातला समजू नका. आणि १९५०च्या दशकापासूनचे हलके, न काळवंडणारे पिवळे बिल्ले म्हणजे रंग चढवलेलं ॲल्युमिनियम.

आठव्या एडवर्डचा रॉयल इंजिनियर्सचा बिल्ला मिळतोय. घेऊ का?

तो राजा जानेवारी ते डिसेंबर १९३६ एवढाच गादीवर होता. पुढचं तुम्हीच ठरवा. मी कागदपत्रांशिवाय हात लावणार नाही.

कापडी चिन्हं खरी की खोटी हे कसं तपासायचं?

अंधारात अतिनील टॉर्च मारा. १९५०च्या आसपासपासून धाग्यांत आणि साबणांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली, ती निळसर चमकतात. युद्धकाळातला सुती धागा चमकत नाही. पण आपल्या घरांत एक अडचण आहे: टिनोपॉल. आजीने आजोबांचा जुना गणवेश प्रेमाने धुऊन टिनोपॉलमध्ये काढला असेल, तर १९४२ चं अस्सल चिन्हही झगमगेल. म्हणून मागची बाजू आणि शिवणीखालचा धागा वेगळा तपासा.

जरीच्या कामात नकली माल भरपूर आहे, कारण हाताने जरी भरण्याची कला आजही जिवंत आहे. सियालकोटमध्ये तर हा मोठा धंदा आहे. जुनी जरी काळवंडते, आणि मागचं कापड व कागद पिवळे पडलेले असतात. जरी काळी पण मागचा कागद पांढराशुभ्र, असं असेल तर ठेवून द्या.

बिल्ला चिंचेने किंवा पितांबरीने घासला तर चालेल का?

समईला चालेल. बिल्ल्याला नको. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीच नको. काळसर तपकिरी थर हा धातूचा संरक्षक आहे आणि तोच वयाचा दाखलाही आहे. तो गेला की पन्नास वर्षांचा पुरावा गेला.

यावर हटकून उत्तर येतं की जवान तर रोजच घासायचे. बरोबर आहे. रोजच्या घासण्याने गुळगुळीत झालेला बिल्ला ही सेवेची खूण आहे आणि ती मला आवडते. पण ते घासणं थांबून सत्तर-ऐंशी वर्षं झाली. त्यानंतर जे साचलंय ते तुम्ही नव्याने कशाला काढता?

ब्रासोबद्दल आणखी एक कारण आहे. त्यात अमोनिया असतो आणि पितळेचं अमोनियाशी वैर जुनं आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकायची. काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि हवेत ओल असायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया ओलाव्याबरोबर पितळेवर बसायचा आणि ठोकून आकार देताना धातूत राहिलेला ताण त्या जागी फाटायचा. १९२१ मध्ये हे कोडं शास्त्रज्ञांनी उलगडलं. इंग्रजीत त्या तड्यांना ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा. ठसा मारलेल्या पितळी बिल्ल्यातही असाच ताण असतो. मुकुटाच्या बुडाशी किंवा ज्वाळांच्या खाचेत केसासारखा तडा दिसला, तर त्यावर अमोनियाचं पॉलिश म्हणजे जखमेवर मीठ.

साफ करायचंच असेल तर मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, लगेच कोरडं करणं. खोबणीतला जुना पांढरा ब्रासो बांबूच्या टोकदार काडीने हलकेच काढा. हिरवा, घट्ट बसलेला थर तसाच राहू दे. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो बिल्ला बाकीच्यांपासून वेगळा करा. क्षारांनी धातू आतून खायला सुरुवात केलेली असते. कोकणातून आलेल्या वस्तूंत हे जास्त दिसतं.

ठेवायचे कसे?

कोरडे आणि हवेशीर. मऊ, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नकोत, रबरबँड नको, ताज्या पॉलिशच्या लाकडी कपाटात नकोत. आम्लरहित कागद, झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या मे महिन्यात बदलून घ्या, जुलैत आठवण झाली तर उशीर झालेला असतो. डांबराच्या गोळ्या फक्त कापडी चिन्हांसाठी, त्याही थेट टेकवून नाहीत.

खरेदी कुठे करायची?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. इथे खरं-खोटं शेजारी शेजारी मांडलेलं असतं, मात्र विक्रेत्याला फसवायचं असतंच असं नाही. बरेचदा त्यालाही ठाऊक नसतं. ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न किंमत विचारण्याआधी विचारा. किंमत ठरल्यावर उत्तरं बदलतात.

भंगारवाल्यांशी ओळख ठेवा. त्यांच्यासाठी बिल्ला म्हणजे किलोवर जाणारं पितळ, त्यामुळे खोटं बोलण्याचं त्यांना कारणच नसतं. छावणीच्या भागात गणवेशाचं सामान विकणारी दुकानं असतात, तिथला माल नवा असतो आणि तो नवा म्हणूनच विकतात. गडबड होते ती तो माल दोन हात फिरून ऑनलाइन ‘अँटिक’ झाल्यावर. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

सध्या वापरात असलेली चिन्हं मी जमवत नाही आणि इतरांनाही तेच सांगतो. विकणाऱ्याला विचारल्याशिवाय राहवत नाही की ती बाहेर आली कशी.

किंमत किती असावी?

आकडा सांगण्यात अर्थ नाही, आठवड्याला बदलतो. चढती भाजणी अशी: रॉयल इंजिनियर्सचे महायुद्धातले बिल्ले सर्वांत खाली, मग आर आय ई आणि रॉयल बॉम्बेची टायटलं, त्यावर १९२३ पूर्वीची आकड्याची टायटलं, त्याहून वर व्हिक्टोरियाकालीन, आणि कंपनी काळातल्या बॉम्बे इंजिनियर्सचं काहीही मिळालं तर भाव करायला बसू नका, आधी तज्ज्ञाला दाखवा. नाव, नंबर, फोटो किंवा डिस्चार्ज पुस्तकासह आलेलं साधं टायटल मला एकट्या दुर्मिळ बिल्ल्यापेक्षा मोलाचं वाटतं. बाजार याच्याशी सहमत नसतो, त्यामुळे अशा वस्तू परवडतात.

कायद्याचं काय? घरात ठेवले तर गुन्हा आहे का?

जुने बिल्ले बाळगणं गुन्हा नाही. तीन गोष्टी सांभाळा.

लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह अंगावर घालणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १४० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संग्रह भिंतीवर मिरवा, छातीवर नको.

दुसरं, निर्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातलं टायटल ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलंय. अमेरिकेतल्या भाच्याला ‘आजोबांची आठवण’ म्हणून पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा. शंभर वर्षांच्या आतल्या वस्तूसाठी ती पुरावशेष नसल्याचा दाखला तिथेच मिळतो. जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा असेल तर परवाना लागतो, हेही याच कायद्यात आहे.

तिसरं, मेटल डिटेक्टर. इंग्लंडमधले व्हिडिओ बघून गडावर किंवा छावणीच्या हद्दीत खणायला जाऊ नका. संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा, छावणीचे नियम वेगळे, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान जुन्या वस्तूंबद्दल १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे.

परदेशी इंजिनियर दलांचे बिल्ले जमवावेत का?

अमेरिकन कोअर ऑफ इंजिनियर्सचा तीन बुरुजांचा किल्ला देखणा आहे, १८४० पासूनचं चिन्ह. जनरल मॅकआर्थरचे सोन्याचे दोन किल्ले आज त्या दलाचे प्रमुख वारसा म्हणून एकमेकांकडे सोपवतात. एखादी परंपरा बिल्ल्यातून कशी चालते ते यातून दिसतं. पण सुरुवातीलाच जगभर पसरलात तर कुठलंच खोलात कळणार नाही. आपल्याकडेच बंगळूरचे मद्रास सॅपर्स आणि रुरकीचे बंगाल सॅपर्स बाकी आहेत.

घरात टायटल सापडलं. आजोबा कोणत्या कंपनीत होते ते शोधता येईल का?

येतं. टायटल फक्त दल सांगतं, कंपनी नाही, म्हणून सोबतच्या वस्तू बघा. पहिल्या महायुद्धाची पदकं असतील तर कडेवर भिंग फिरवा. नंबर, हुद्दा, नाव आणि दल तिथे कोरलेलं असतं. नावाचं स्पेलिंग कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. शिंदे, जाधव, पवार ही नावं तीन-तीन प्रकारे सापडतात, त्यामुळे नंबरावर भर द्या.

आजोबा किंवा पणजोबा युद्धात मारले गेले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन मोफत आहे. नव्ह शापेलच्या स्मारकावरच ४,७०० हून अधिक नावं आहेत. सुखरूप परत आले असतील तर डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पेन्शनचे कागद शोधा आणि त्यांवरचा नंबर देऊन खडकीला बॉम्बे इंजिनियर ग्रुपच्या (बॉम्बे सॅपर्सचं आजचं नाव) रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. नातं सिद्ध करणारा कागद जोडा. नुसता बिल्ल्याचा फोटो पाठवून काही निघत नाही.

आणि घरातल्या थोरल्यांशी बोलून घ्या. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या गावांत अजून असे लोक आहेत ज्यांना ‘अण्णा बसऱ्याला होते’ एवढं पक्कं आठवतं. या एका वाक्यावरून मेसोपोटेमिया ठरतं आणि शोध निम्म्यावर येतो.

नोंद कशी ठेवायची?

पुढचा-मागचा फोटो, मिलिमीटरमध्ये माप, ग्रॅममध्ये वजन, कुठे घेतला, केव्हा, कितीला आणि विकणाऱ्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा. ऐकीव आणि पारखलेलं एकदा मिसळलं की दहा वर्षांनी तुम्हालाही ते सोडवता येत नाही.

बिल्ले फ्रेममध्ये चिकटवून घेऊ का?

चिकटवू नका. फेव्हिक्विक तर मुळीच नको. त्याच्या वाफेने जवळच्या धातूवर पांढरी झाक येते आणि मागची बाजू कायमची झाकली जाते. जाड आम्लरहित पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, कड्या मागे काढा आणि त्यांतून सुती दोरा ओवून सैलसर बांधा. फ्रेमवाल्याला काच आणि बिल्ला यांच्यात बोटभर जागा सोडायला सांगा आणि ती फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, पावसात ओल तिथूनच येते.